तुटक रेघेतली खोली

आमच्या ट्रेसरबाई जेवायला बसल्या की आधी ताट फिरवत. भूक कितीही लागलेली असो, समोर श्रीखंड असो की कालचा फोडणीचा भात, दोन्ही हातांनी ताटाची कड धरायची, मीठ अगदी समोर, घड्याळातल्या बाराच्या जागी येईल असं ताट वळवायचं आणि मगच पहिला घास. माझ्या बायकोनं, मंगलनं, पहिल्या दिवशी हे पाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारलं, "अहो, ह्यांच्यात ताटाला प्रदक्षिणा घालतात का?" मी धीर करून बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "प्रदक्षिणा कसली? मीठ म्हणजे उत्तर दिशा. उत्तर वर नसली की मला समोरचं काही कळत नाही. तीस वर्षांची खोड आहे."

ती तीस वर्षं बाईंनी नगररचनेच्या कचेरीत नकाशे उतरवण्यात घालवली होती. मूळ नकाशावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि शाईनं रेघ न् रेघ गिरवून त्याची नक्कल काढायची, हे काम करणाऱ्याला ट्रेसर म्हणतात. पुढं कचेरीत संगणक आले, नकाशे आपोआप बाहेर पडायला लागले, आणि बाईंनी "आता मला फक्त चहा उतरवायचं काम राहील" असं म्हणून थोडी आधीच निवृत्ती घेतली. नाव होतं त्यांना, चांगलं चारचौघींसारखं. पण पोस्टमन सोडला तर ते आमच्याकडं कुणी वापरलं नाही.

आमची वस्ती म्हणजे भरे गावाबाहेर ओढ्याकाठी अकरा घरं. सगळे भाऊबंद, त्यामुळं बोलणं निम्म्याच घरांचं एकमेकांशी. मी पिरंगुटला एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होतो. त्या काळात आजूबाजूला कारखाने वाढत होते, घोटवड्याच्या बाजूनं हिंजवडीला जाणारी कॉम्प्युटरवाली पोरं खोल्या शोधत हिंडत होती, आणि बावधनच्या पलीकडं म्हणजे पुणं नाही असं म्हणणारे लोक आता आमच्याकडं जागेचे भाव विचारत होते. मग मीही घराशेजारी, ओढ्याच्या अंगाला, भाड्यानं द्यायला दोन खोल्या काढल्या. गवंडी ओळखीचा, वाळू जवळची, जागा वडिलोपार्जित. परवानगी नावाची वस्तू असते हे मला ऐकून माहीत होतं; पण देवगांडूळ नावाचा प्राणी असतो हेही मला ऐकूनच माहीत होतं.

नव्याण्णव साली बाई पीएमटीच्या बसमधून उतरल्या, काखेत हातभर लांबीचं पत्र्याचं नळकांडं. आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ती बंदूक वाटली. नळकांड्यात नकाशे होते. बाई कऱ्हाडच्या, नोकरी पुण्यात झाली, मागं-पुढं कुणी नाही, एक धाकटा भाऊ कऱ्हाडला. अशी बाई पुण्यातली पेठ सोडून आमच्या वस्तीत कशाला राहायला आली, हे मंगलला काही केल्या पटेना. बाई म्हणाल्या, "मुळशीचं पान मी तीनदा उतरवलंय. धरण, डोंगर, माले, पौड, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. पण पाहिलं एकदाही नव्हतं. म्हटलं, जिथं एवढी शाई सांडली तिथं एकदा पाय टाकावेत."

मग खोली पाहताना त्यांनी सहज विचारलं, "बांधकामाला परवानगी आहे ना?"

"आहे की," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो, की ओट्यावर बसलेल्या आबांना ठसका लागला. बाईंनी मान डोलावली आणि सामान लावायला घेतलं. पुष्कळ दिवसांनी त्यांनी मला सांगितलं, "तेव्हाच कळलं होतं मला. तू भिंतीकडं बघून बोललास. परवानगीवाला माणूस समोरच्याकडं बघतो."

बाईंचं मोजणं कधी थांबत नसे. सकाळी हातपंपापर्यंत गेल्या तरी ओठ हलत, पावलं मोजणं चालू. अंबाड्यात एक पेन्सिल कायम खोचलेली. तिसऱ्या महिन्यात त्यांनी आमच्या वस्तीचा नकाशा काढायला घेतला, कारण म्हणे त्यांच्या कुठल्याच पानावर आमची अकरा घरं नव्हती. "ओढा आहे, गाडीवाट आहे, तुम्ही नाही." हे ऐकून धोंडूकाका फार दुखावले. धोंडूकाका म्हणजे माझे चुलते, वस्तीतले सर्वांत वडीलधारे आणि सर्वांत मोठ्या आवाजाचे. ते म्हणाले, "बाई, आमी पाच पिढ्या हितं हाय. नकाशात न्हाई म्हंजी? वढा काय आमच्या आदी आला व्हता?" बाई म्हणाल्या, "आधीच आला होता, काका. पण तुम्हालाही घेते."

त्यांचं चित्र काढणं बघायला मी संध्याकाळी जाऊन बसे. चुकलेली रेघ त्या खोडत नसत, दाढीच्या पात्यानं हलकेच खरवडत. मला त्यांनीच शिकवलं, की अखंड रेघ म्हणजे जागेवर आहे ते. तुटक रेघ म्हणजे अजून व्हायचं आहे ते, किंवा जायचं आहे ते. "व्हायचंय की जायचंय हे कसं कळणार?" मी विचारलं. "खाली टीप असते. टीप वाचल्याशिवाय कधी भांडायला जाऊ नये."

हे वाक्य मी त्या वेळी डोक्यात ठेवलं असतं, तर पुढचं काही झालं नसतं.

झालं असं, की एक दिवस तालुक्याहून मला नोटीस आली. शेती विभागात विनापरवाना बांधलेल्या दोन खोल्यांची परवानगी दाखवा, नाहीतर त्या पाडून घ्या. वस्तीत अशा नोटिसा सात घरांना आल्या. कुणाची खोली, कुणाचा गोठा, धोंडूकाकांच्या थोरल्याचं अख्खं घर. माझ्या दोन खोल्यांतल्या एका खोलीत बाई राहत होत्या. ज्या बाईला मी "आहे की" म्हणून सांगितलं होतं, तिच्या डोक्यावरचं छप्पर काढायचा कागद माझ्या हातात. मी काय केलं असेल? नोटिशीची बारीक घडी केली आणि तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या खाली घालून ठेवली. इतर सहा घरांनाही बजावलं, बाईंपुढं विषय नको. वस्तीतले लोक एकमेकांशी बोलत नसत, त्यामुळं गुपित चांगलं राहिलं.

महिन्याभरानं बाई भावाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कऱ्हाडला गेल्या, आणि नेमकी तेव्हाच ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दुसरी नोटीस लागली. जाहीर नोटीस. मंजूर प्रादेशिक योजनेशी सुसंगत करण्यासाठी विकास नियमावलीत आणि विभागांच्या नकाशात फेरबदल करण्याचं प्रस्तावित आहे, हरकती व सूचना तीस दिवसांत सादर कराव्यात. वस्तीतला एकमेव बीकॉम म्हणून ती वाचून दाखवायचा मान मला मिळाला. मी खणखणीत आवाजात वाचली. अर्थ मला कळला नव्हता, पण आवाजात तो दोष दिसला नाही.

"फेरबदल म्हंजी?" धोंडूकाका मला म्हणाले. "आदी खोल्या पाडा म्हनत्यात, आता जमिनीत फेरबदल. इलास, टाक हरकत."

आमच्या वस्तीचा हा जुना रिवाज. सरकारचा कागद आला की हरकत. हातपंप मंजूर झाला तेव्हा आम्ही हरकत घेतली होती, आणि नंतर तो उशिरा आला म्हणूनही घेतली होती. नोटिशीत 'हरकती व सूचना' लिहिलेलं असतं, पण सूचना कुणी दिल्याचं पाच पिढ्यांत ऐकिवात नाही. मी रात्रीचं जेवण लवकर उरकून अर्ज लिहायला बसलो. माझं अक्षर चांगलं आहे, एवढी एक गोष्ट माझे शत्रूही मानतात. 'सदर फेरबदल हे आम्हां गोरगरीब रहिवाशांच्या मुळावर घाव घालणारे असून, आमच्या जमिनींचा विभाग पूर्वापार आहे तसाच, म्हणजे हिरवा, कायम ठेवण्यात यावा.' हिरवा म्हणजे शेती, शेती म्हणजे आपली, एवढाच हिशेब. एक्केचाळीस सह्या-अंगठे झाले. पौडला जाऊन अर्ज दिला, त्याच्या नकलेवर शिक्का मारून पोच घेतली, आणि येताना पेढे आणले.

बाई परत आल्या त्या दिवशी मी ती पोच कौतुकानं त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं, परत वाचलं.

"अक्षर सुरेख आहे," त्या म्हणाल्या. मी नम्र झालो. "ह्या जमिनी हिरव्याच ठेवा असं का लिहिलंस?"

तेवढ्यात मंगल आतून नोटीस घेऊन आली. तिनं संध्याकाळच्या भाताला तांदूळ काढले होते. कागदाला तांदळाची पावडर लागली होती, ती तिनं पदरानं पुसली आणि तो बाईंच्या पुढ्यात ठेवला. "हे तुमच्या खोलीचं," ती म्हणाली. "ह्यांना सांगायला जमत नव्हतं. मीही गप्प बसले, माझंही चुकलं."

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मला वाटलं, आता ओरडतील, निदान सामान बांधतील. त्यांनी नळकांडं उघडलं, दोन पानं काढली आणि एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरली. वरचं पान मोठ्या योजनेचं, येत्या वीस वर्षांत कुठं काय व्हायचं ते दाखवणारं. त्यात रहिवासाचा पिवळा रंग गावापासून निघून ओढ्यापर्यंत पोचला होता. आमची वस्ती त्याच्या आत. खालचं पान नियमावलीसोबतचं, ज्याच्यावर बोट ठेवून रोजच्या परवानग्या द्यायच्या ते. त्यातला पिवळा गाडीवाटेपाशीच थांबला होता. मधे कोयत्याच्या आकाराची हिरवी पट्टी उरली होती, आणि त्या पट्टीत आम्ही सगळे.

"ही दोन पानं जुळत नाहीत म्हणून तुम्हाला नोटिसा आल्या," बाई म्हणाल्या. "आणि ती जुळवायची म्हणून ही दुसरी नोटीस आली. तुमची वस्ती वाचवायला निघालेल्या कागदावर तू हरकत घेतलीस. आपल्याच घरावर पहार घालायचा अर्ज इतक्या वळणदार अक्षरात मी नोकरीत कधी पाहिला नव्हता."

मग त्यांचं बोट खालच्या पानाच्या कोपऱ्यात थांबलं. तिथं 'मुळशी' लिहिलं होतं. "हा 'ळ' माझा आहे," त्या म्हणाल्या. "हे पान मी उतरवलंय. नक्कल बिनचूक आहे. ज्यावरून उतरवायला दिलं तेच जुनं होतं." त्यात त्यांची काय चूक, असं मी म्हणालो. "चूक नाही. पण रेघ माझी आहे. ती माझ्या डोळ्यांसमोर पुढं सरकली पाहिजे."

मुदत संपायला तीन दिवस होते. एक्केचाळीस जणांना घरोघर जाऊन समजावणं शक्यच नव्हतं, कारण धोंडूकाकांनी एकदा हरकत घेतली की ती ते देवालाही परत देत नसत. बाईंनी विचार केला आणि मंगलला विचारलं, "परवा दुपारी घरटी दोन माणसं जेवायला बोलावली तर? पुरणपोळी."

सकाळपासून वस्तीवर पुरणाचा वास पसरला. एकमेकांशी न बोलणारी घरंही वेळेवर हजर झाली. अंगणात दोन पंगती बसल्या, समोरासमोर. बाई स्वतः पदर खोचून वाढायला उभ्या राहिल्या. पलीकडच्या पंगतीत पुरणपोळी, त्यावर तुपाची धार. अलीकडच्या पंगतीत पिठलं आणि भाकरी. अलीकडच्या पंगतीत धोंडूकाका होते, आमचे आबाही होते. आबांनी आधी पिठल्याकडं आणि मग माझ्याकडं असं पाहिलं, की मी वारसाहक्कातून गेलोच.

"बाई!" धोंडूकाका गरजले. "आमी काय घोडं मारलंय? वास पुरनाचा आन् ताटात पिटलं?"

"काका, आजचा बेत कशाचा?"

"पुरनपोळीचा! सकाळधरनं नाकात बसलाय."

"बरोबर. बेतात तुम्ही आहात, कुणी नाही म्हणत नाही. पण वाढप्याच्या हातात यादी आहे ती जुन्या बेताची. त्या यादीत तुमची पंगत पिठल्याची."

"मंग यादी बदला की!"

"बदलायलाच निघालेत. पण तुमची हरकत आहे."

"माजी? माजी कशाला आसंल?"

बाईंनी कमरेला खोचलेली पोच काढली आणि धोंडूकाकांच्या ताटाशेजारी ठेवली. "ही बघा सही. लेखी आहे. 'आमच्या पंगतीला पूर्वापार पिठलंच वाढत राहावं.'"

धोंडूकाकांची सही मोठी, शेपटीवाली. ती लांबूनही ओळखू येते. पलीकडच्या पंगतीत कुणीतरी पोळी खाताना फिस्सकन हसलं. मग बाईंनी उभ्या उभ्या, हातात तुपाची वाटी घेऊन सगळं सांगितलं: योजना म्हणजे बेत, नियमावली म्हणजे वाढप्याची यादी, बेत बदलून वर्षं झाली तरी यादी जुनीच राहिली, म्हणून सात घरांना नोटिसा. पाच मिनिटं लागली असतील.

"इलास," आबांनी विचारलं, "ह्यो आर्ज कुनी लिवला रं?"

मी पाणी वाढायला पलीकडच्या पंगतीत गेलो.

पुरणपोळ्या अर्थात सगळ्यांना होत्या, मंगलनं दोन शेजारणींना हाताशी धरून केल्या होत्या. त्या खाऊन झाल्यावर धोंडूकाका सूचना द्यायला तयार झाले, तेही कुरकुरत. "सूचना म्हंजी फुकटचा सल्ला. आमी सरकारला कवा दिला न्हाई. पर बाई म्हनत्यात तर देतो." मी लगेच कागद घेतला आणि 'आम्ही गोरगरीब रहिवासी' अशी सुरुवात केली. बाईंनी तो पाहिला आणि 'गोरगरीब'वरून आडवी रेघ मारली. "विशेषण म्हणजे नकाशावर सांडलेली शाई. गट नंबर लिही, घरं लिही, रेघ कुठून कुठं सरकायला हवी ते लिही. सही." चार ओळींत संपलं. इतका छोटा अर्ज लिहिताना मला लाज वाटत होती. हरकत मागं घेतल्याचं पत्रही वेगळं केलं, आणि बाईंनी बजावलं की सुनावणीच्या दिवशी ते आधी द्यायचं.

सुनावणी पौडला, एका सभागृहात. वस्तीतले वीस-पंचवीस जण दुधाच्या टेम्पोतून गेलो. आमचा पुकारा झाला. साहेब मध्यमवयीन, चष्मेवाले, सकाळपासून लोकांची भांडणं ऐकून दमलेले. त्यांनी फाइल उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ह्यात तुमचे दोन अर्ज दिसतात. एकात म्हणता हिरवंच ठेवा. दुसऱ्यात म्हणता पिवळं करा. सह्या त्याच. पहिला मागं घेतल्याचं पत्र कुठाय?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पिशवी उघडली. त्यात सातबारे होते, पोच होती, चष्म्याचं घर होतं, मंगलनं दिलेल्या दशम्या होत्या. पत्र नव्हतं. महत्त्वाचा कागद म्हणून मी ते आदल्या दिवशी अत्यंत सुरक्षित जागी ठेवलं होतं. तांदळाच्या डब्यात.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. साहेब म्हणाले, "असं असेल तर मी नेमकं काय धरू?" तेवढ्यात मागून धोंडूकाका उठले, टोपी सारखी केली.

"सायेब, पयला आर्ज आमी उपाशीपोटी लिवला व्हता. दुसरा जेवून लिवलाय. दुसरा धरा."

साहेबांनी मान वर केली. मग हसले, आणि त्यांचं हसणं बघून शेजारचा कारकूनही हसला. बाईंनी ती वेळ साधली. पुढं जाऊन त्यांनी टेबलावरच्या पानावर आपलं पारदर्शक पान ठेवलं, कोपरे जुळवले आणि कोयत्यासारख्या पट्टीवर पेन्सिल टेकवली. पट्टीत त्यांनी अकरा घरं आधीच काढली होती. साहेब वाकून बघत राहिले. "हे काम कुणाचं? असा हात आता बघायला मिळत नाही."

"दोन्ही पानं माझीच आहेत," बाई म्हणाल्या. "खालची रेघही माझी. म्हणून आले."

निकालाला पुष्कळ महिने गेले. त्या काळात बाई रोज पोस्टमनची सायकल दिसली की पेन्सिल अंबाड्यात घालत आणि काढत. शेवटी सुधारित नियमावली आली, आणि आमची वस्ती पिवळी झाली. सात घरांच्या नोटिसा बांधकामं नियमित करून घेण्यावर आल्या: मोजमापाचा नकाशा द्या, अटी पाळा, बांधकाम राहील. धोंडूकाकांनी वस्तीभर पेढे वाटले. पेढे पौडचेच, पण ह्या वेळी कारण बरोबर होतं.

अटींची यादी बाईंनी वाचली. सातव्या अटीवर त्या थांबल्या. ओढ्याच्या काठापासून नऊ मीटर मोकळं सोडायचं. त्यांनी मंगलची वाळत घालायची दोरी मागून घेतली, मीटर मीटरवर गाठी मारल्या आणि ओढ्याकडं चालायला लागल्या. मागं मी, आबा, धोंडूकाका, निम्मी वस्ती. सगळी घरं अटीत बसली. माझी एक खोलीही बसली. दुसरी सव्वा मीटर कमी पडली. ती बाईंची.

"बाई, वढा मदनं धरा की," आबा म्हणाले. "पान्याच्या मदनं."

"काठापासून धरतात, आबा."

"कोण येतंय मोजायला?" मी म्हणालो.

"आलंय की. मी."

धोंडूकाकांनी घसा साफ केला. "हरकत घिऊ या का?"

बाई मनापासून हसल्या. मग दोरी गुंडाळत म्हणाल्या, "काका, पंगतीला बसलं की सगळं ताट जेवायचं. गोड तेवढं वाढून घ्यायचं आणि कारलं बाजूला सरकवायचं, असं नाही चालत. ह्या यादीसाठी आपणच भांडलो."

मी खूप विनवण्या केल्या. दुसऱ्या खोलीतली लातूरची दोन पोरं, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी, आपण होऊन खोली रिकामी करून द्यायला तयार होती. बाई नाही म्हणाल्या. भावाचे डोळे पुन्हा बिघडले होते, कऱ्हाडला जायचंच होतं. खोली पाडली तेव्हा बाई अंगणातल्या आंब्याखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि गवंड्याला सांगत होत्या, "चौकट जपून काढ, लागेल." बसमध्ये चढताना नळकांडं मात्र माझ्या हातात दिलं. "तांदळात ठेवू नकोस."

घरी येऊन उघडलं. आमच्या वस्तीचा पूर्ण झालेला नकाशा होता. उत्तर वर. अकरा घरं, हातपंप, धोंडूकाकांचा गोठा, मंगलची वाळत घालायची दोरीसुद्धा, सगळं अखंड रेघेत. आणि आंब्याच्या दक्षिणेला, ओढ्यापासून चांगली लांब, एक खोली तुटक रेघेत. मी आधी खालची टीप वाचली. तेवढं शिकलो होतो. 'तुटक रेघ: पाहुण्यांची खोली. परवानगी काढून बांधणे.'

परवानगी काढायला मला दीड वर्ष लागलं. कागद मिळाला तेव्हा त्याला चौकट करून ओट्यावर टांगला. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला तो देवाच्या तसबिरीसारखा दाखवत. जुन्या खोलीची जपून ठेवलेली दाराची चौकटच नव्या खोलीला लावली. दोन हजार आठच्या हिवाळ्यात बाई आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी दोरी मागितली.

"अर्धा फूट जास्त सोडलास."

"भीतीनं, बाई."

महिनाभर राहिल्या. रोज ताट फिरवत. जायच्या आदल्या दिवशी नकाशा मांडीवर घेऊन म्हणाल्या, "खोली झाली. आता ही रेघ अखंड करायला हवी. पण माझं शाईचं पेन कऱ्हाडला राहिलं. पुढच्या खेपेला."

पुढची खेप झाली नाही. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्या भावाचं पत्र आलं. बाई गेल्या होत्या, दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. पत्राबरोबर एका कागदात गुंडाळलेलं पेन होतं. त्यांनीच ते माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं, असं भावानं लिहिलं होतं.

त्या रविवारी धोंडूकाका आमच्याकडं जेवायला होते. मी नकाशा पसरून, पेनात शाई भरून बसलो होतो. माझं अक्षर चांगलं आहे, पण रेघ नाही. रद्दीवर आठ-दहा काढून पाहिल्या, सगळ्या ओढ्यासारख्या वळत गेल्या. पेन नकाशावर टेकवायचा धीर होईना. मंगलनं ताटं आणली. काकांनी ताट दोन्ही हातांनी धरलं, मीठ समोर येईल असं वळवलं, आणि माझ्याकडं बघत म्हणाले,

"ऱ्हाऊ दे रं तुटकच. सरकारला वाटंल, बाईंचं काम चालू हाय."